ब्रेकचा आवाज कुठून आला?

आजच्या भागाचा विषय आहे गाडीचा ब्रेक. तुमच्यातल्या काही जणी लगेच म्हणतील, गाडी चालवणारा बघून घेईल, आम्हाला काय करायचंय? पण आपल्या पापडाचा आणि मसाल्याचा माल टेम्पोतूनच बाजारात जातो. मुलं व्हॅनने शाळेत जातात. रात्री-अपरात्री बाळंतपणाला न्यायचं तर जीपच शोधावी लागते. आमच्या काही गटांनी कर्ज काढून स्वतःच्या गाड्या घेतल्यात, कितीतरी जणी स्कूटीवर फिरतात. आणि गटाच्या बैठकीत खर्चाचा कागद समोर आला की एक वाद हमखास होतो. ब्रेक मारला की कुईंऽऽ असा आवाज येतो. ड्रायव्हर म्हणतो, चालतंय, अजून सहा महिने जाईल. फिटर म्हणतो, पॅड संपले, आजच बदला. दोघांपैकी खरं कोणाचं धरायचं आणि पैसे काढायचे की नाही, हे मग आपल्याला ठरवावं लागतं.

त्याचं उत्तर आम्ही देणारच आहोत. पण या आवाजामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यात बायका ठिकठिकाणी भेटतात. तो ऐकला की उत्तर आपोआप लक्षात राहील.

आधी आवाज येतो कसा ते पाहू. थंडीत आपण हातावर हात चोळतो तेव्हा ऊब येते. ब्रेकचं काम नेमकं तेच आहे. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते, तिला डिस्क म्हणतात. पायाने ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमट्यासारखे धरतात. गाडीचा सगळा वेग तिथे घासून उष्णता होऊन जातो. लांब घाट उतरताना ही डिस्क भाकरीच्या तव्याहूनही जास्त तापू शकते. घासताना पॅड कधी कधी सरळ सरकत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, पुन्हा सुटतो, असं सेकंदाला हजारो वेळा होतं. त्या थरथरीने सगळी डिस्क घंटेसारखी वाजायला लागते. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की अंगावर काटा आणणारा आवाज येतो ना, तोच हा प्रकार.

आता गोष्ट सुरू करू या ती जर्मनीतून. १८८६ साली कार्ल बेंझ नावाच्या इंजिनिअरने पेट्रोलसारख्या इंधनावर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. जगातली पहिली मोटारगाडी म्हणून तिचंच नाव घेतात. या कार्ल बेंझची बायको बर्था. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याचे पैसे कार्लच्या कारखान्यात घातले होते, म्हणून तो कारखाना तगला. पण त्या काळच्या कायद्याने विवाहित बाईच्या नावावर पेटंट होणं शक्य नव्हतं. पैसा तिचा आणि नाव त्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

गाडी तयार झाली, पण घ्यायला कोणी पुढे येईना. लोकांना वाटे, हे धूर सोडणारं खेळणं गावाबाहेर गेलं तर परत येणार नाही. कार्लही भिडस्त. तेव्हा ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, नवऱ्याला न सांगता, बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन गाडीत बसली. युगेन १५ वर्षांचा, रिचर्ड १३ चा. मॅनहाइमहून आपल्या माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ पुणे ते सातारा. तोवर इतक्या लांब मोटार कोणीच नेली नव्हती. माहेरी जायचं निमित्त किती उपयोगी पडतं बघा.

वाटेत इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रव विकत घेतलं, कारण ते गाडीला चालत होतं. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका तारेचं आवरण झिजलं तिथे पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी सैल झाली ती एका लोहाराकडून नीट करून घेतली. चढ आला की मुलं उतरून गाडी ढकलत. पण खरी धास्ती उताराची होती. गाडीला ब्रेक होता तो लाकडाचा: हाताने दांडा ओढायचा, की लाकडी ठोकळे मागच्या चाकांवर दाबले जायचे. डोंगराळ भागात उतारामागून उतार लागले आणि ते ठोकळे झिजून जायची वेळ आली.

बाउश्लॉट गावी तिने एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला वेगळं अस्तर लावायची, आणि ते झिजलं की तेवढंच बदलायची, ही कल्पना मोटारीच्या इतिहासात इथे पहिल्यांदा दिसते. आज आपण ज्याला पॅड किंवा लायनर म्हणतो त्याचा हा मूळपुरुष. मूळपुरुष कसला, मूळ बाईच. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर बर्थाने नवऱ्याला तार करून कळवलं. काही दिवसांनी त्याच गाडीतून परत आली आणि चढासाठी आणखी एक गिअर हवा हेही सांगितलं. कार्लने तो बसवला. बर्था वयाच्या ९५ व्या वर्षापर्यंत जगली.

चामड्याची युक्ती तशी गाडीवानांना ठाऊक होती. आपल्याकडे बैलगाडी उताराला लागली की ओझं पुढे रेटतं, जू सरकतं, बैल मागे रेटून धरतात आणि गडी गाडीला मागून लोंबकळतात. युरोपात घोडागाड्यांच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबायची पद्धत होती. इंग्लंडच्या डर्बीशायर भागात डोंगर आणि उतार फार. तिथे हर्बर्ट फ्रूड नावाचा एक माणूस होता. गाडीवान त्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकतात आणि त्याने गाडी चांगली थांबते, हे त्याने पाहिलं. त्यावरून त्याने १८९७ मध्ये ब्रेकची अस्तरं बनवायचा धंदा सुरू केला. त्याचा माल फेरोडो या नावाने निघाला. फ्रूड या आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात बायकोच्या, म्हणजे एलिझाबेथच्या नावाचं एक अक्षर घालून हे नाव केलं असं सांगतात. आजही स्पेअर पार्टच्या दुकानात या नावाचे पॅड मिळतात.

पण मोटारींचा वेग वाढला तसं चामडं पुरेना. तापलं की ते करपायचं, घाण वास यायचा आणि पकड जायची. मग काय वापरायचं? बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. कल्पना आजच्यासारखीच होती, पण त्याचे चिमटे तांब्याचे. धातूवर धातू घासला की काय होणार? ब्रेक लावला की असा कर्कश आवाज यायचा की रस्त्यावरचे लोक कानावर हात ठेवत असतील. एवढी हुशारीची कल्पना, पण आवाज आणि झिजणं यांनी मागे पडली आणि पुढची पन्नास वर्षं बहुतेक गाड्यांना डिस्कऐवजी ड्रमचे ब्रेक राहिले. डिस्क पुन्हा जोरात आली ती १९५० नंतर. १९५३ मध्ये फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

मधल्या काळात न जळणारं, लवकर न झिजणारं आणि आवाज न करणारं अस्तर सगळेच शोधत होते. ते मिळालं, आणि इथून पुढची गोष्ट जड आहे.

त्या वस्तूचं नाव ॲस्बेस्टॉस. गोठ्यावर, घरावर आपण जे सिमेंटचे पत्रे टाकतो, त्यांत हेच असायचं आणि कितीतरी पत्र्यांत अजून असतं. हा जमिनीतून निघणारा दगड. पण अजब दगड, कारण तो पिंजला की कापसासारखे तंतू निघतात. त्या तंतूंचं सूत कातता येतं, कापड विणता येतं आणि ते कापड आगीत घातलं तरी जळत नाही. ब्रेकला आणखी काय हवं? १९०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉसची अस्तरं बनवायला घेतली. ती तापली तरी टिकत आणि कमी किंचाळत. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या गाड्या याच दगडी कापसावर थांबत राहिल्या.

दगड पिंजायचा, सूत कातायचं, विणायचं ही कामं कोण करत होतं? गिरणीत पुष्कळशा बायका आणि मुली. धूळ त्यांच्या नाकातोंडात जात होती, आणि हे कोणाला कळलं नव्हतं असं नाही. ल्यूसी डीन नावाची एक बाई इंग्लंडच्या सरकारी कारखाना-निरीक्षकांपैकी होती. बायकांना या पदावर घ्यायला तिथे १८९३ मध्ये सुरुवात झाली आणि ही पहिल्या काही जणींतली. १८९८ च्या सरकारी अहवालात तिने लिहून ठेवलं, की ॲस्बेस्टॉसच्या कामातली धूळ आरोग्याला घातक आहे. तिने ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतली होती. कण काचेच्या तुकड्यांसारखे टोकदार दिसले. खोलीच्या हवेत ते थोडे जरी तरंगत असले तरी इजा होते असं तिचं म्हणणं होतं.

अहवाल छापला गेला. पुढे काहीच झालं नाही. आम्ही गावोगाव सर्वेक्षणाचे फॉर्म भरतो, त्यांचं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. ल्यूसी डीनच्या कागदाचं तेच झालं. फरक एवढा, की त्या कागदावर लिहिलेलं खरं होतं हे सिद्ध व्हायला माणसं मरावी लागली.

त्यांतली एक नेली केरशॉ. इंग्लंडच्या रॉचडेल गावची. लहान वयातच ती ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत लागली. पुढे टर्नर ब्रदर्स या मोठ्या कारखान्यात सूत कातायला होती. लग्न झालं, मूल झालं, काम चालू होतं. हळूहळू दम लागायला लागला, खोकला थांबेना. १९२२ मध्ये काम सुटलं. डॉक्टरांनी दाखल्यावर स्पष्ट लिहून दिलं की हा आजार ॲस्बेस्टॉसमुळे आहे. पण विमा मागितला तर आरोग्य-विम्यावाले म्हणाले, हा कामामुळे झालेला आजार, कंपनीकडे मागा. कंपनी म्हणाली, असा आजारच नसतो, ॲस्बेस्टॉस विषारी नाही. नेलीने स्वतः कंपनीला पत्र लिहून विचारलं, की घरी बसून नऊ आठवडे झाले, एक पैसा मिळालेला नाही, माझं काय करणार आहात? कंपनीने काही दिलं नाही. मार्च १९२४ मध्ये ती गेली, वयाच्या ३३ व्या वर्षी. अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावायलाही कंपनीने नकार दिला, कारण एकीला दिलं तर उद्या दुसरी मागेल.

दोन दारांमध्ये टोलवलं जाणं काय असतं, ते विधवा पेन्शनच्या किंवा विम्याच्या कागदासाठी फिरलेल्या बाईला सांगायला नको.

नेलीची गोष्ट तिथे संपली नाही ती विल्यम कुक या डॉक्टरमुळे. त्याने तिच्या फुप्फुसाची तपासणी केली. आत व्रण होते आणि त्यांत दगडाचे बारीक कण अडकलेले. त्याच वर्षी त्याने हे ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. १९२७ मध्ये या आजाराला त्याने नाव दिलं, ॲस्बेस्टॉसिस. आता सरकारला बघावं लागलं. मेरेवेदर आणि प्राइस या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी पाहणी केली. डॉ. मेरेवेदर यांनी ॲस्बेस्टॉसचं काम करणारे ३६३ जण तपासले, त्यांत ९५ जणांच्या फुप्फुसांत हा आजार निघाला. म्हणजे चारांत एकाला. १९३१ मध्ये ब्रिटनने गिरण्यांतली धूळ कमी करण्याचे नियम केले. ल्यूसी डीनच्या अहवालानंतर ३३ वर्षांनी. नेलीचं वयही गेली तेव्हा ३३ च होतं.

नेली केरशॉने कातलेलं सूत ब्रेकसाठीच गेलं असं आम्ही म्हणत नाही. त्या सुतापासून पुष्कळ वस्तू बनत होत्या. पण १९२० च्या दशकातच फ्रूडची फेरोडो कंपनी टर्नरच्या उद्योगसमूहात गेली. म्हणजे सूत कातणारी गिरणी आणि ब्रेकचं अस्तर बनवणारा कारखाना एकाच घरचे झाले.

नियम झाले ते गिरणीच्या भिंतींच्या आत. धूळ भिंत मानत नाही. १९६५ मध्ये लंडनच्या दोन संशोधक बायकांनी, मुरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन यांनी, एका भयंकर कर्करोगाच्या रुग्णांची माहिती छापली. हा कर्करोग फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होतो आणि ॲस्बेस्टॉसमुळेच बहुधा होतो. या दोघींनी नुसतं तू काय काम करतोस एवढं विचारलं नाही. घरात कोण काय काम करतं, हेही विचारलं. तेव्हा असे काही रुग्ण निघाले, की ते कधी कारखान्याच्या दारातही गेले नव्हते. त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. त्यांनी काय केलं होतं? नवऱ्याचे कामाचे कपडे धुतले होते. धुण्याआधी झटकले होते.

हा प्रश्न बायकांना सुचला, आणि पुरुष डॉक्टरांना इतकी वर्षं सुचला नव्हता, असं आम्हाला वाटतं. कपडे कोण धुतं हे ज्याला माहीत नाही, त्याला तो सुचणार कुठून?

आणखी एक गोष्ट या आजारात वाईट आहे. धूळ आज जाते आणि दुखणं वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उघडं पडतं. तोवर कारखाना बंद झालेला असतो, कागद हरवलेले असतात. म्हणूनच आपल्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९५ मध्ये दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी दाद मागितली होती. कोर्टाने सांगितलं, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवाव्यात. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे तशी पूर्ण बंदी झालेली नाही. चांगल्या कंपन्यांचे पॅड आता दुसऱ्या तंतूंचे, धातूच्या चुऱ्याचे किंवा सिरॅमिकचे असतात आणि खोक्यावर 'ॲस्बेस्टॉस नाही' असं लिहिलेलं असतं. पण स्वस्तातला, विनानावाचा माल आणि जुन्या गाड्यांचे जुने लायनर यांची खात्री कोण देणार?

तेव्हा तुमच्यापैकी कोणाचा नवरा, भाऊ, मुलगा गॅरेजमध्ये असेल तर एवढं सांगा. ब्रेकचं चाक उघडलं की आत काळी-करडी धूळ साचलेली असते. ती तोंडाने किंवा हवेच्या पाइपाने फुंकायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं टाकून द्यायचं. घरी आलेले कपडे अंगणात झटकू नका, तान्ह्या बाळाला त्या कपड्यांनी घेऊ देऊ नका. कपडे आधी बादलीत बुडवा, मग धुवा, आणि बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. याला पैसा लागत नाही.

आता पुन्हा आवाजाकडे येऊ. लँचेस्टरच्या काळापासून सगळ्यांची धडपड चालली होती की ब्रेकने आवाज करू नये. आवाज पुष्कळ कमी झाला. मग नवीच अडचण आली: पॅड गुपचूप झिजायचे आणि कोणाला कळायचंच नाही. तेव्हा इंजिनिअर लोकांनी उलटी युक्ती केली. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ बसवली. पॅडचं अस्तर झिजून दोन-तीन मिलिमीटर राहिलं की ही जीभ डिस्कला टेकते आणि मुद्दाम कुईंऽऽ असा आवाज करते. कुकरची शिट्टी जशी मुद्दाम ठेवलेली असते, तशीच ही. म्हणजे जो आवाज घालवण्यासाठी एवढा आटापिटा केला, तोच शहाणपणाने परत आणून बसवला. ही जीभ सगळ्याच पॅडना नसते, हे लक्षात ठेवा. म्हणून आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही.

मग ड्रायव्हर खरा की फिटर? आवाज कधी येतो आणि कसा येतो, हे नीट ऐकायचं. पावसाळ्यात किंवा दवाच्या सकाळी गाडी काढली आणि पहिल्या चार-सहा ब्रेकला कुरकुर होऊन थांबली, तर काळजी नाही. रात्रभरात डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो घासून जातो. धुळीच्या रस्त्यावर, उसाच्या हंगामात कच्च्या वाटेने फिरलेल्या गाडीतही खडे अडकून आवाज येतो, साफ केल्यावर जातो. पण गाडी तापल्यावरही, दर वेळी, बारीक उंच कुईं येत असेल, तर ती जीभ बोलते आहे असं समजा आणि त्याच आठवड्यात चाक उघडून पाहा. आणि खर्र-खर्र, दगडावर लोखंड ओढल्यासारखा आवाज आला, ब्रेक दाबताना पायाला थरथर लागली किंवा गाडी एका बाजूला ओढली गेली, तर माल उतरवा, माणसं उतरवा आणि गाडी तिथेच ठेवा. अस्तर संपलेलं असतं आणि मागची लोखंडी पट्टी डिस्क खात असते. पॅडचा खर्च थोडा, डिस्कचा त्याच्या कितीतरी पट.

नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतं. तीनवर आलं की बदलायचं. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जेवढी जाडी होते, साधारण तेवढी. किती किलोमीटर चालतील हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घाटातली गाडी, वजन भरून जाणारी गाडी आणि सपाटीवर चालणारी गाडी यांत फार फरक पडतो. पुढचे पॅड आधी संपतात, कारण ब्रेक मारला की सगळा भार पुढे येतो. एका चाकाचे बदलले की समोरच्या चाकाचेही बदलायचे, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. स्कूटीला मागे बहुधा ड्रमचा ब्रेक असतो. अनेक स्कूटींना मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या दांड्याशी एक छोटा बाण आणि एक खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला टेकला तर आतले शू संपले. हे कोणालाही न विचारता तुम्ही स्वतः पाहू शकता.

एक गोष्ट मात्र चुकूनही करायची नाही. आपल्याला सवय आहे, काही कुरकुरलं की तेल घालायचं. दाराच्या बिजागरीला, पाळण्याच्या कडीला, शिलाई मशीनला. ब्रेकच्या पॅडला किंवा डिस्कला तेलाचा थेंबसुद्धा लागता कामा नये. आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल. पॅडच्या मागच्या बाजूला आणि चिमट्याच्या पिनांना खास ग्रीस लावतात, पण ते फिटरने, जपून.

घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यात सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत होतात, मग ते किंचाळतात आणि पकडतही नाहीत. चढायला जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. गटाची गाडी भाड्याने देताना हे ड्रायव्हरला सांगायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

राहिला पैशांचा प्रश्न. फिटर म्हणाला पॅड संपले, तर त्याला म्हणायचं, चाक उघडलंय तोवर दाखव. अस्तर किती राहिलं ते डोळ्यांनी दिसतं, त्याला शिक्षण लागत नाही. बदलल्यावर जुने पॅड फडक्यात नाही, तर पिशवीत घालून, तोंड बांधून मागून घ्यायचे, बिलाबरोबर बैठकीत दाखवायचे, आणि हिशोबाच्या वहीत तारीख आणि गाडीचं किलोमीटर लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी हाच वाद निघाला की वही उघडायची.